नेटवर्कवरचा पाथ टीसीएल-टीकेमध्ये कुठे मोडतो

तुम्ही कळवलेली अडचण आधी थोडक्यात मांडतो. भोसरी एमआयडीसीत तुमचं मशीन शॉप आहे. सीएमएमवर (भागांची अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावर) घेतलेल्या मोजमापांच्या सीएसव्ही फाईली सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये पडतात. तपासणीच्या टेबलावरचा एक विंडोज पीसी त्या उघडतो, आलेख दाखवतो आणि निकालाची फाईल परत त्याच सर्व्हरवर ठेवतो. प्रोग्रॅम टीसीएल-टीके 8.6 मध्ये आहे (टीसीएल ही स्क्रिप्टची भाषा, टीके म्हणजे तिच्यातून खिडक्या आणि बटणं बनवायची सोय) आणि आधीच्या माणसाने लिहिलेला आहे. ओपन डायलॉगमधून फाईल निवडली की सगळं चालतं, पण तोच पाथ, म्हणजे फाईलचा पूर्ण पत्ता, सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिला की फाईल सापडत नाही. त्या शेअर्ड फोल्डरला दिलेल्या झेड ड्राइव्हवरून दिवसा चालतं, रात्री टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीतून) चालत नाही. ‘फोल्डर उघडा’ हे बटण भलताच फोल्डर उघडतं. आणि शुक्रवारी सकाळी खिडकी अर्धा मिनिट गोठते. आयटीवाले म्हणतात नेटवर्क ठीक आहे.

आयटीवाल्यांचं म्हणणं बहुतेक खरं आहे. या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, तरी चारही एका शिस्तीने आटोक्यात येतात. प्रोग्रॅमच्या आत पाथ एकाच रूपात राहिला पाहिजे, आणि त्याचं रूप फक्त दोन जागी बदललं पाहिजे: तो आत येतो तिथे आणि टीसीएलच्या बाहेर जातो तिथे. मधल्या कुठल्याही ओळीत कुणी हाताने बॅकस्लॅश (\) बदलत असेल, अवतरणात स्ट्रिंगा जोडत असेल, तर ती ओळ आज ना उद्या दगा देणारच. अशा ओळी शोधून काढणं हेच खरं काम आहे.

खालच्या उदाहरणांत सर्व्हरची आणि फोल्डरची नावं देवनागरीत लिहितोय. तुमच्याकडे ती रोमन लिपीत आहेत, म्हणून जिथे नेमकं अक्षर महत्त्वाचं आहे तिथे ते वेगळं सांगेन.

सुरुवात सेटिंगच्या फाईलपासून करू, कारण गुंता खरा तिथेच आहे. तुमची सेटिंगची फाईल म्हणजे टीसीएलचीच स्क्रिप्ट आहे, प्रोग्रॅम ती ‘सोर्स’ करतो, म्हणजे कोड म्हणून चालवतो. तिच्यात पाथ दुहेरी अवतरणात असा आहे:

"\\क्यूसीसर्व्हर\रीडिंग्ज\न्यू"

दुहेरी अवतरणात टीसीएल बॅकस्लॅशचा अर्थ लावते. पहिल्या दोन बॅकस्लॅशचा एक होतो. पुढे रोमन आर आहे. बॅकस्लॅश आणि आर मिळून कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला नेणारं न दिसणारं चिन्ह) होतं. त्यापुढे एन आहे. बॅकस्लॅश आणि एन मिळून नवी ओळ. म्हणजे व्हेरिएबलमध्ये उरलं काय? एक बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, एक कॅरेज रिटर्न, ‘रीडिंग्ज’मधली आर सोडून उरलेली अक्षरं, एक नवी ओळ, आणि ‘न्यू’ची शेवटची दोन अक्षरं. रोमन लिपीतल्या मूळ पाथची लांबी 23 अक्षरं, पण ‘स्ट्रिंग लेंग्थ’ विचारलंत तर उत्तर 20 येईल. नेटवर्कची वायर काढून ठेवलीत तरी हे असंच घडेल, कारण बिघाड सर्व्हरपर्यंत पोचण्याच्या आधीचा आहे.

सगळीच अक्षरं इतकी उघड गोंधळ घालत नाहीत, त्यामुळे माणूस फसतो. टी आलं तर टॅब होतो, बी आलं तर बॅकस्पेस. डी किंवा एम अशा अक्षरांना खास अर्थ नाही, तिथे बॅकस्लॅश नुसता गळून पडतो आणि दोन नावं एकमेकांना चिकटतात. त्यामुळे एका फोल्डरसाठी एरर एका तऱ्हेची, दुसऱ्यासाठी दुसऱ्या तऱ्हेची. त्यातून ‘त्या फोल्डरला परमिशन नसेल’ असा समज होतो आणि दोन दिवस परमिशन तपासण्यात जातात.

म्हणून नेटवर्ककडे वळण्याआधी प्रोग्रॅमच्या हातात नेमकं काय आहे ते पाहा. विंडोजवर विशमध्ये (टीकेसकट टीसीएल चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘कन्सोल शो’ दिलंत की कन्सोलची खिडकी उघडते. तिथे पाथ छापा, पण दोन्ही बाजूंना उभी रेघ लावून, म्हणजे शेवटची रिकामी जागा किंवा नवी ओळ लपणार नाही. मग लांबी पाहा. मग ‘फाईल पाथटाइप’ विचारा. नेटवर्कच्या धड पाथला उत्तर ‘ॲब्सोल्यूट’ यायला हवं. ‘व्हॉल्यूमरिलेटिव्ह’ आलं तर सुरुवातीच्या दोन स्लॅशपैकी एक वाटेत हरवला आहे, आणि टीसीएल तुमच्या सर्व्हरचं नाव चालू ड्राइव्हच्या मुळाशी फोल्डर म्हणून शोधते आहे. शेवटी ‘फाईल स्प्लिट’ करा. पहिल्या तुकड्यात सर्व्हर आणि शेअर दोन्ही एकत्र दिसले पाहिजेत, असे: //क्यूसीसर्व्हर/रीडिंग्ज. विंडोजच्या दृष्टीने ही जोडी म्हणजेच मूळ, सी ड्राइव्हच्या मुळासारखं. नुसतं सर्व्हरचं नाव म्हणजे फोल्डर नव्हे. त्याखालचे शेअर टीसीएलला यादी करून मागता येत नाहीत.

दुरुस्ती सोपी आहे. सेटिंगमध्ये पाथ सरळ स्लॅशने लिहा:

//क्यूसीसर्व्हर/रीडिंग्ज/न्यू

विंडोजवरची टीसीएल हा पाथ जसाच्या तसा समजते. तुमचा ओपन डायलॉगही नेमकं हेच रूप परत करतो. डायलॉगमधून चालतं आणि सेटिंगमधून चालत नाही, या कोड्याचं उत्तर एवढंच.

महिरपी कंसात पाथ ठेवला तर बॅकस्लॅश जसेच्या तसे राहतात, आणि बरेच जण तसं करतात. चालतं, पण एक खड्डा आहे. पाथच्या शेवटी बॅकस्लॅश असेल तर तो बंद होणाऱ्या कंसाला चिकटतो, टीसीएल त्या कंसाला बंद धरत नाही, आणि कंस जुळत नसल्याची एरर भलत्याच ओळीकडे बोट दाखवते. ऑपरेटरने एक्सप्लोररच्या पट्टीतून कॉपी करून आणलेल्या पाथच्या शेवटी बॅकस्लॅश असू शकतो. शिवाय कंसात व्हेरिएबलही उलगडत नाहीत. म्हणून मी सरळ स्लॅशच सुचवतो.

त्याहून बरं म्हणजे सेटिंगची फाईल स्क्रिप्ट म्हणून न ठेवता साध्या मजकुराची करा आणि ‘गेट्स’ने ओळ वाचा. वाचलेल्या मजकुरातल्या बॅकस्लॅशला टीसीएल हात लावत नाही, ऑपरेटरने कसाही पाथ चिकटवला तरी तो शाबूत येतो. पण वाचलेल्या ओळीवर थेट ‘एलइंडेक्स’ (लिस्टमधला एक तुकडा काढणारा आदेश) चालवू नका. ‘एलइंडेक्स’ त्या ओळीला लिस्ट समजतो, लिस्ट वाचताना बॅकस्लॅशचा अर्थ पुन्हा लावला जातो, आणि मघाचा सगळा घोळ मागच्या दाराने परत येतो. ओळ बरोबरच्या चिन्हावर ‘स्प्लिट’ करा, रिकाम्या जागा ‘स्ट्रिंग ट्रिम’ने काढा, आणि आलेला तुकडा लगेच एकदा पाथ जोडणाऱ्या ‘फाईल जॉइन’मधून काढा. एकाच वस्तूवर ‘फाईल जॉइन’ चालवलं की बॅकस्लॅशचे सरळ स्लॅश होतात. आत येण्याच्या जागी करायचं रूपांतर ते हेच. यानंतर प्रोग्रॅममध्ये बॅकस्लॅश दिसताच कामा नये.

उलट बाजूने, डायलॉगला एकाच वेळी अनेक फाईली निवडायची मुभा दिली असेल तर त्याच्याकडून खरी लिस्ट येते. तिथे ‘फॉरइच’च लागतो. स्पेसवर ‘स्प्लिट’ केलंत तर ‘बॅच 12 फायनल’ अशा नावाचे तीन तुकडे होतील.

आता टीकेचा भाग. तुमच्या कोडमध्ये बटणाला कमांड दुहेरी अवतरणात जोडलेली आहे: उघडायच्या प्रोसीजरचं नाव आणि पुढे पाथचं व्हेरिएबल. ही स्ट्रिंग दोनदा वाचली जाते, एकदा बटण तयार होताना आणि दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर. पहिल्या वेळी व्हेरिएबलच्या जागी पाथ येतो. दुसऱ्या वेळी तो पाथ टीसीएलचा कोड म्हणून वाचला जातो. नावात स्पेस असेल तर एकाऐवजी दोन आर्ग्युमेंट होतात. बॅकस्लॅश असेल तर पुन्हा गळतो. आणि चौकटी कंस असेल, जसं कुणी फोल्डरला ‘[जुने]’ असं नाव दिलेलं असतं, तर टीसीएल ‘जुने’ नावाची कमांड चालवायला जाते आणि अशी कमांड नाही म्हणून एरर देते. ही एरर वाचून पाथचा संशयसुद्धा येत नाही. उपाय एकच, आणि तो टीकेतल्या प्रत्येक कॉलबॅकला (नंतर चालवण्यासाठी देऊन ठेवलेल्या कमांडला) लागू आहे: ‘बाइंड’ असो, ‘आफ्टर’ असो की बटण, कमांड ‘लिस्ट’ने बांधा. ‘लिस्ट’ प्रत्येक तुकडा असा सुरक्षित करून ठेवतो की दुसऱ्या वाचनातही तो एकच तुकडा राहतो. मी जुना टीके कोड हातात आला की आधी दुहेरी अवतरणातले कॉलबॅक शोधतो आणि सगळे एकाच बैठकीत बदलतो, चालत असलेलेसुद्धा.

नमुन्यावरून फाईलींची यादी काढणाऱ्या ‘ग्लोब’चंही तसंच. ‘ग्लोब’ला बॅकस्लॅश म्हणजे पुढच्या चिन्हाचा खास अर्थ घालवणारं चिन्ह, आणि चौकटी कंस म्हणजे अक्षरांचा गट. म्हणून फोल्डर आणि नमुना एका स्ट्रिंगमध्ये जोडू नका. फोल्डर ‘-डिरेक्टरी’ या ऑप्शनने वेगळा द्या आणि नमुना नुसता सीएसव्हीचा. मग फोल्डरच्या नावात काहीही असलं तरी बिघडत नाही. सर्व्हर आणि शेअरच्या नावात मात्र वाइल्डकार्ड (नमुन्यातलं * सारखं चिन्ह) चालतच नाही. एक बारकावा आवृत्तीचा आहे: 8.6 पर्यंत ~ या चिन्हाने सुरू होणारं सुटं नाव टीसीएल कुणाचं तरी होम फोल्डर समजते. यादीतून असं नाव आलं तर त्याच्या आधी ./ लावा. सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या 9.0 मध्ये ही आपोआप उलगडण्याची पद्धत काढून टाकली आहे.

पाथ जोडण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, आणि तुमच्या गोठणाऱ्या खिडकीशी तिचा संबंध असू शकतो. कोडमध्ये एका जागी सुरुवातीला स्लॅश, मग फोल्डरचं व्हेरिएबल, मग स्लॅश, मग ‘निकाल/आज.सीएसव्ही’ असं फाईलचं नाव, अशी हाताने केलेली जोडणी आहे. फोल्डरचं व्हेरिएबल कधी रिकामं राहिलं तर दोन स्लॅश शेजारी येतात आणि पाथ होतो //निकाल/आज.सीएसव्ही. विंडोजसाठी हा नेटवर्कचा पाथ झाला. ती नेटवर्कवर ‘निकाल’ नावाचं मशीन शोधत बसते, तसं मशीन नसतंच, आणि शोध संपेपर्यंत तुमचा प्रोग्रॅम थांबतो. लोकल फाईल उघडताना नेटवर्कमुळे खिडकी गोठते हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. ‘फाईल जॉइन’ वापरलंत तर ही वेळ येत नाही. फक्त लक्षात ठेवा, नंतरचा तुकडा स्लॅशने सुरू होत असेल तर ‘फाईल जॉइन’ आधीचे सगळे तुकडे टाकून देतो. त्यामुळे ‘/न्यू’ असा तुकडा देऊ नका, ‘न्यू’ असा द्या.

आता बाहेर जाण्याची बाजू. टीसीएलचे स्वतःचे आदेश, म्हणजे ‘ओपन’, ‘फाईल कॉपी’ वगैरे, सरळ स्लॅशवर खूश असतात. पण ‘एक्झेक’ने दुसरा प्रोग्रॅम सुरू केलात तर टीसीएल त्याला दिलेल्या आर्ग्युमेंटमधले स्लॅश बदलत नाही, जसेच्या तसे पुढे पाठवते. विंडोजचे अनेक प्रोग्रॅम सरळ स्लॅशने सुरू होणाऱ्या तुकड्याला ऑप्शन समजतात. तुमचं ‘फोल्डर उघडा’ बटण एक्सप्लोररला //क्यूसीसर्व्हर/रीडिंग्ज देतं. एक्सप्लोररला तो पाथ कळत नाही आणि तो आपला ठरलेला फोल्डर उघडतो. ‘एक्झेक’च्या त्या ओळीत, आणि फक्त त्या ओळीत, पाथ ‘फाईल नेटिव्हनेम’मधून काढा. बॅकस्लॅशवालं रूप कुठल्याही व्हेरिएबलमध्ये साठवून ठेवू नका, वापरा आणि सोडून द्या. एक्सप्लोररला अशी हाक मारताना शेवटी & लावा, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या परतण्याची वाट पाहणार नाही. तो ठीक उघडूनही शून्याखेरीज कोड परत करतो, आणि & नसेल तर ‘एक्झेक’ त्याला एरर मानतं.

बॅच फाईल चालवत असाल तर आणखी एक. टीसीएलमध्ये ‘सीडी’ने नेटवर्कच्या पाथवर जाता येतं, ‘पीडब्ल्यूडी’ही तोच दाखवतं. पण तिथून सीएमडी (विंडोजची आदेश लिहायची खिडकी) सुरू केलंत तर सीएमडी यूएनसी पाथला, म्हणजे सर्व्हरच्या नावाने सुरू होणाऱ्या पाथला, चालू फोल्डर म्हणून स्वीकारत नाही, तसं सांगतं आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन उभं राहतं. मग बॅच फाईलमधली सगळी सापेक्ष नावं चुकतात. बॅच फाईलच्या आत ‘पुशडी’ वापरा. तो नेटवर्कच्या पाथला तात्पुरतं ड्राइव्हचं अक्षर देतो आणि ‘पॉपडी’ केल्यावर ते मोकळं करतो. शिवाय फोल्डरच्या नावात & असेल, ‘आर & डी’ असतंच कुठेतरी, तर सीएमडीमधून जाताना तिथे ओळ तुटू शकते. शक्य तिथे सीएमडी मध्ये आणूच नका, मूळ प्रोग्रॅमला थेट हाक मारा.

झेड ड्राइव्हकडे येऊ. मॅप केलेला ड्राइव्ह हा मशीनचा नसतो, लॉगिन केलेल्या माणसाच्या त्या सेशनचा असतो. रात्री टास्क शेड्युलर जे सेशन उघडतो त्यात झेड नावाचं काही नसतं. प्रोग्रॅम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडला तरी हाच अनुभव येतो, कारण वाढीव अधिकाराचं सेशन वेगळं धरलं जातं. रजिस्ट्रीत ‘एनेबल लिंक्ड कनेक्शन्स’ ही किंमत 1 केली की ॲडमिनिस्ट्रेटरच्या बाबतीत ड्राइव्ह दिसू लागतो, पण शेड्युलरचा प्रश्न त्याने सुटत नाही. सरळ //क्यूसीसर्व्हर/रीडिंग्ज हा पाथ वापरा, आणि रात्रीच्या कामासाठी सर्व्हरवर हक्क असलेलं खातं द्या. टास्क शेड्युलरमध्ये ‘पासवर्ड साठवू नका’ अशी एक चौकट आहे, तीवर टिक असेल तर काढा. त्या चौकटीपुढेच लिहिलेलं असतं की अशा टास्कला फक्त त्याच कॉम्प्युटरवरच्या गोष्टी मिळतील. सुरक्षिततेच्या विचाराने कुणीतरी ती टिक करतं आणि मग पाथ बरोबर असूनही सर्व्हर दार उघडत नाही. डोमेन नसेल, साधा वर्कग्रुप असेल, तर त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं खातं सर्व्हरवरही असू द्या.

पाथ पूर्ण आणि एकसारखा करणाऱ्या ‘फाईल नॉर्मलाइज’ने झेडचा पाथ सर्व्हरच्या पाथमध्ये बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. झेड हा झेडच राहतो. त्यामुळे तुमच्या ‘अलीकडच्या फाईली’च्या यादीत एकच फाईल दोनदा दिसते, एकदा झेडने आणि एकदा सर्व्हरच्या नावाने. झेडमागे कोणता शेअर आहे हे ‘नेट यूज’ सांगतं. ते एकदा सुरुवातीला वाचा आणि आत येतानाच झेड बदलून टाका. तुलना करताना लहान-मोठ्या लिपीकडे दुर्लक्ष करा. आणि ‘फाईल नॉर्मलाइज’ लूपमध्ये ठेवू नका. ते पाथचा एकेक टप्पा प्रत्यक्ष डिस्कवर जाऊन तपासतं, म्हणजे सर्व्हरवरच्या शेकडो फाईलींसाठी शेकडो फेऱ्या होतात.

शुक्रवार सकाळचं कारण मला स्पष्ट दिसतं. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची सुट्टी नेहमीचीच. तुमच्याकडेही त्या दिवशी सर्व्हरसकट सगळं बंद होतं. शुक्रवारी पहिल्या शिफ्टचा माणूस येऊन पीसी चालू करतो, सर्व्हर अजून उठत असतो. लॉगिनच्या क्षणी सर्व्हर न मिळाल्याने झेडवर लाल फुली येते. एक्सप्लोररमध्ये त्यावर डबल-क्लिक केलं की तो जोडला जातो, म्हणून ‘आता चालतंय की’ असं वाटतं. तुमचा प्रोग्रॅम मात्र सुरुवातीलाच ‘फाईल एक्झिस्ट्स’ विचारतो आणि विंडोज उत्तर देईपर्यंत थांबतो. टीकेची खिडकी रंगवणारा, क्लिक ऐकणारा आणि फाईल तपासणारा धागा एकच आहे. तो थांबला की खिडकी गोठली. मध्ये ‘अपडेट’ घालून किंवा तपासणी ‘आफ्टर’मध्ये ढकलून काही होत नाही, कारण थांबणं त्या एका कॉलच्या आत आहे.

उपाय असा की ही तपासणी दुसऱ्या प्रोसेसला करू द्या. टीसीएलएसएचची (खिडकीविना टीसीएल चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) दोन ओळींची स्क्रिप्ट पुरते: पाथ घ्यायचा, ‘फाईल इज-डिरेक्टरी’ विचारायचं, 1 किंवा 0 छापायचं. ती ‘ओपन’ने पाइप म्हणून सुरू करा, चॅनेल नॉन-ब्लॉकिंग करा, आणि ‘फाईलइव्हेंट’ने उत्तराची वाट पाहा. सोबत ‘आफ्टर’ने पाच सेकंदांची मुदत लावा. मुदतीत उत्तर नाही आलं तर खिडकीत ठळक लिहा: ‘सर्व्हर अजून मिळत नाही, पुन्हा प्रयत्न करतो’. नॉन-ब्लॉकिंग पाइप बंद करताना टीसीएल त्या प्रोसेसच्या संपण्याची वाट पाहत नाही, त्यामुळे ती मागे अडकली तरी ऑपरेटरचं काम अडत नाही. थ्रेड पॅकेजनेही हे करता येतं, पण अडकलेला थ्रेड बाहेरून मारता येत नाही, म्हणून मला वेगळी प्रोसेस जास्त पसंत आहे. शॉप फ्लोअरवर हातमोजे घालून उभ्या माणसासाठी गोठलेली खिडकी आणि बिघडलेला प्रोग्रॅम यांत फरक नसतो. तो पीसीचं बटण दाबून मोकळा होतो, आणि त्यात अर्धी लिहिलेली फाईल जाते.

अर्ध्या फाईलीवर आलोच आहे तर लिहिण्याबद्दल सांगतो. ‘फाईल रायटेबल’च्या उत्तरावर नेटवर्कवर विसंबू नका. शेअरचे हक्क वेगळे, फोल्डरचे हक्क वेगळे, आणि सर्व्हर लिनक्सवरचा सांबा (विंडोजच्या पद्धतीने फाईली शेअर करणारा प्रोग्रॅम) असेल तर विंडोजला दिसणारं चित्र आणखी वेगळं. थेट लिहायचा प्रयत्न करा आणि ‘कॅच’ने एरर पकडा, खरं उत्तर तेवढंच. निकाल आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, चॅनेल बंद करा, मग ‘फाईल रीनेम’ने खरं नाव द्या. तात्पुरती फाईल सी ड्राइव्हवर ठेवून मग सर्व्हरवर हलवू नका. दोन वेगळ्या व्हॉल्यूममध्ये ‘रीनेम’ म्हणजे कॉपी आणि नंतर डिलीट, मध्येच वायर हलली तर पुन्हा अर्धीच फाईल. कुणी तीच सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून ठेवली असेल तर ‘रीनेम’ नाकारलं जाईल. तेव्हा तात्पुरती फाईल तशीच ठेवा, ऑपरेटरला सांगा आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. मोजमाप गमावू नका.

मराठी नावांचे फोल्डर असतील, ‘आवक’, ‘नाकारलेले’ अशांसारखे, तर घाबरायचं कारण नाही. विंडोजवर टीसीएल फाईलींची नावं युनिकोडमध्येच हाताळते. अडचण येते ती स्क्रिप्टमध्ये ती नावं थेट लिहिल्यावर. 8.6 स्क्रिप्ट वाचताना सिस्टिमचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) धरते, आणि बहुतेक पीसीवर ते यूटीएफ-8 नसतं. मग ‘आवक’च्या जागी अनोळखी चिन्हं येतात आणि फोल्डर सापडत नाही. ‘सोर्स’ला किंवा टीसीएलएसएचला ‘-एन्कोडिंग’ देऊन यूटीएफ-8 सांगा. 9.0 मध्ये तेच गृहीत आहे.

तुमचे सहकारी हाच प्रोग्रॅम पायथनमध्ये नव्याने लिहायचं म्हणतायत. जरूर लिहा, पण टीकिंटरच्या (पायथनमधल्या खिडक्यांच्या पॅकेजच्या) खाली हेच टीके आहे. तिथला डायलॉगही नेटवर्कचा पाथ सरळ स्लॅशनेच देतो, खिडकीही त्याच कारणाने गोठते, आणि शेड्युलरलाही झेड दिसत नाही. पायथनच्या रॉ स्ट्रिंगच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश ठेवता येत नाही, म्हणजे महिरपी कंसातला खड्डाही तिथे वेगळ्या रूपात आहेच.

हे सगळं करूनही पाथ बरोबर आणि फाईल मिळत नाही अशी स्थिती राहिली, तर मग नेटवर्ककडे वळा. विंडोजचे नेटवर्कचे अनेक वेगवेगळे दोष टीसीएल ‘फाईल नाही’ किंवा ‘परवानगी नाही’ अशा मोजक्या वाक्यांत सांगते, त्यामुळे खरा आकडा तिच्याकडून कळत नाही. त्याच पीसीवर, त्याच खात्याने, सीएमडीमध्ये ‘नेट यूज’ने शेअर जोडून पाहा. एरर 53 म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही, नाव किंवा 445 हा पोर्ट तपासा. 67 म्हणजे सर्व्हर सापडला पण त्या नावाचा शेअर नाही, अशा वेळी शेअरचं स्पेलिंग पाहा. 5 म्हणजे हक्क नाही. 1219 म्हणजे त्या सर्व्हरला आधीच दुसऱ्या खात्याने जोडणी झालेली आहे. एकाच सर्व्हरला एका सेशनमधून दोन खात्यांनी जाता येत नाही, आधीची जोडणी तोडा. नावाऐवजी आयपीने गेलं की 1219 नाहीसा होतो, कारण विंडोज त्याला वेगळा सर्व्हर समजते. पण तो तोडगा कोडमध्ये कायमचा ठेवू नका, आयपी बदलला की पुन्हा शोधाशोध. शेअर एखाद्या जुन्या नॅस बॉक्सवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) असेल आणि नवा पीसी आल्यापासूनच अडचण असेल, तर एसएमबीची (विंडोजच्या फाईल शेअरिंगच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती विंडोज 10 च्या 1709 पासून बऱ्याच नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मुळात येत नाही, हे आयटीवाल्यांना सांगा. ती परत चालू करून घेण्यापेक्षा नॅसचं फर्मवेअर अपडेट करून घेणं बरं.

तरी अडलं तर मला चार गोष्टी पाठवा: उभ्या रेघांमध्ये छापलेला पाथ आणि त्याची लांबी, ‘फाईल पाथटाइप’चं उत्तर, ‘नेट यूज’चा आकडा, आणि प्रोग्रॅम कोणत्या खात्याने, कसा सुरू केला होता ते. सर्व्हरचं खरं नाव आणि पासवर्ड पाठवू नका, ते लागत नाहीत.